गोल्फचा स्विंग : आधी अंगण, मग मैदान

गोल्फची एक फेरी किती फटक्यांत व्हावी याचा ठरलेला आकडा म्हणजे पार. पार 72 च्या गोल्फ कोर्सचं गणित मांडलं की एक गोष्ट चटकन लक्षात येते. होल, म्हणजे चेंडू घालायचे खड्डे, 18, आणि पार ठरवताना प्रत्येक होलला दोन ‘पट’ हे फटके धरलेले. म्हणजे 72 पैकी 36 फटके पटर नावाच्या क्लबने, म्हणजे काठीने, चेंडू ग्रीनवरून, म्हणजे होलभोवतीच्या आखूड हिरवळीवरून, नुसता घरंगळत नेण्याचे. उरलेल्यांतलेही बरेचसे छोटे. ड्रायव्हर हा सर्वांत लांब क्लब बहुतेक कोर्सवर एका फेरीत फार तर 14 वेळा हातात येतो.

तरीही शिकायला आलेला पोरगा पहिल्या दिवशी ड्रायव्हरच मागतो. टीव्हीवर तोच दिसतो, आणि क्रिकेट खेळून आलेल्या हाताला जोरात मारायचीच सवय असते. पंचवीसेक फटक्यांत चारदोन चेंडू बरे जातात, बाकीचे जमिनीला घासत नाहीतर उजवीकडे वळून बाभळीत. मग ‘हा खेळ आपला नाही’ असं म्हणून तो क्लब ठेवून देतो. माझं म्हणणं आहे की खेळ त्याचा असू शकतो, पण त्याने सुरुवात चुकीच्या टोकापासून केली. पूर्ण स्विंग, म्हणजे क्लब फिरवून मारायची पूर्ण हालचाल, ही निराळी कला नाही. दोन फुटांच्या पटमध्ये जे घडतं तेच मोठं होत होत ड्रायव्हरपर्यंत जातं.

मराठवाड्यात तर याच क्रमाने शिकणं परवडतं. ज्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे गोल्फच्या हिरवळीची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. पण पटला सतरंजी पुरते, चिपला (छोटा फटका) अंगण पुरतं, पिचला (त्याहून मोठा फटका) रिकामं रान पुरतं. मोठं मैदान लागतं ते थेट शेवटी. जागेची गरज आणि शिकण्याचा क्रम एकाच दिशेने वाढतात, हे आपल्या फायद्याचं आहे.

ही कल्पना जुनीच आहे. टेक्सासमधले नावाजलेले प्रशिक्षक हार्वी पेनिक शिष्यांना होलपासून मागे मागे टीकडे, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेकडे, न्यायचे. आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर एस. एस. पी. चौरसिया आहेत. वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये ग्रीनची निगा राखायचे, पोरगं तिथेच खेळत वाढलं. लांब मारणाऱ्यांत त्यांची गणना कधी झाली नाही, पण चिप आणि पट असे की सोबतच्या खेळाडूंनी ‘चिपपटसिया’ नाव पाडलं. 2016 आणि 2017 अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन त्यांनी जिंकली. टोकियो ऑलिम्पिकमध्ये आदिती अशोक चौथी आली तेव्हा भल्या पहाटे टीव्ही लावून बसलेल्यांनीही तेच पाहिलं. ड्राइव्हच्या लांबीत ती बऱ्याच जणींच्या मागे होती आणि पटिंगवर पदकाच्या शर्यतीत टिकून होती.

लहान फटक्यापासूनच का?

कारण वेळ. कसलेल्या खेळाडूचा पूर्ण स्विंग पाहिला तर क्लब मागे न्यायला साधारण पाऊण सेकंद लागतो आणि तिथून चेंडूपर्यंत यायला पाव सेकंद. डोळ्याने काही पाहून हात हलवायलाच माणसाला सुमारे 0.2 सेकंद लागतात. म्हणजे क्लब खाली यायला लागल्यावर ‘अरे, चुकतंय, सावरू या’ म्हणायला वेळच उरत नाही. क्लब आणि चेंडू एकमेकांना चिकटून असतात ते तर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाएवढे. जे शरीरात आधीच मुरलेलं आहे तेवढंच त्या क्षणी बाहेर येतं. आणि मुरवायचं असेल तर ते संथ, छोट्या हालचालीत, जिथे चूक दिसते आणि दुरुस्त करता येते.

मुरवायच्या गोष्टी मुख्यतः दोनच. चेंडूला क्लब लागतो तेव्हा क्लबचा फेस, म्हणजे मारायची सपाट बाजू, कुठे बघत आहे. आणि क्लबच्या फिरण्याचा सर्वांत खालचा बिंदू जमिनीवर नेमका कुठे पडतो. पहिली पट शिकवतो, दुसरी चिप शिकवतो. (पुढचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी लिहिलं आहे. डावखुऱ्याने बाजू उलट्या कराव्यात.)

त्याआधी पकड. डावा हात वर, उजवा खाली, म्हणजे उजव्या हाताच्या बॅट्समनसारखीच. क्लब तळहातात नाही, बोटांच्या मुळाशी धरायचा. उजव्या हाताची करंगळी डाव्या बोटांवर ठेवायची, त्यात अडकवायची की दहाही बोटं दांड्यावर ठेवायची, हे हाताच्या मापावर सोडावं. तिन्ही पद्धतींनी उत्तम खेळणारे आहेत. पकड घट्ट मात्र नको. मूठ आवळली की मनगट आखडतं, आणि पुढे पिचपासून मनगट मोकळं लागणारच आहे.

सतरंजीवरचा पट

होलचा व्यास 108 मिलिमीटर, चेंडूचा किमान 42.67. आता 3 मीटरवरून पट मारताना चेंडू 1 अंश तिरका निघाला असं समजा. होलपाशी पोचेपर्यंत तो 5.2 सेंटीमीटर बाजूला गेलेला असेल. मध्यापासून होलची कड 5.4 सेंटीमीटरवर, म्हणजे तो अगदी काठावर. एका अंशात हा फरक पडतो. आणि पटची सुरुवातीची दिशा जवळजवळ पूर्णपणे फेसच ठरवतो. क्लब किंचित आतून आला की बाहेरून, याचा परिणाम त्यामानाने थोडा.

घरी हे तपासायची माझी आवडती रीत अशी. जमिनीवर पट्ट्यांची सतरंजी ताणून अंथरा. चेंडू एका पट्ट्याच्या रेषेवर ठेवा. तिथून अर्ध्या मीटरवर दोन काडेपेट्या उभ्या करा, दोहोंच्या मध्ये 6 सेंटीमीटर अंतर. चेंडूच्या दोन्ही बाजूंना जेमतेम 9 मिलिमीटर मोकळे राहतात, म्हणजे एका अंशाहून जास्त चुकलात की काडेपेटी पडणार. हे फाटक खोटं बोलत नाही. खांदे आणि हात मिळून हलवा, मनगटं गप्प ठेवा, डोकं जागेवर ठेवा. मागे जितकं न्याल साधारण तितकंच पुढे.

एवढ्या छोट्या हालचालीत माणूस पहिल्यांदा ओळखायला लागतो की फेस आत्ता बंद (लक्ष्याच्या डावीकडे बघणारा) आला की उघडा (उजवीकडे बघणारा), आणि ते हाताला जाणवायला लागतं. ही जाणीव ड्रायव्हर मारताना मिळवायची म्हटली तर वर्षं जातील. म्हणून पटरला कंटाळू नये. रोज संध्याकाळी दहा-पंधरा मिनिटं पुरेत, पण फाटक लावूनच.

चिप, आणि चेंडू ‘उचलायचा’ मोह

चिप म्हणजे ग्रीनच्या काठावरून मारलेला छोटा फटका. चेंडू थोडा हवेत, मग जास्त जमिनीवर. शिकायला 7 किंवा 8 नंबरचा आयर्न, म्हणजे धातूच्या चपट्या डोक्याचा क्लब, घ्या. सँड वेज, म्हणजे वाळूतून चेंडू काढायचा क्लब, नको, आणि त्यामागे आपल्या मातीशी संबंधित कारण आहे. सँड वेजचा तळ गोलसर, फुगीर असतो, म्हणजे वाळूत तो रुतत नाही. मुरमाच्या कडक जमिनीवर हाच फुगवटा आपटून उसळतो आणि क्लबची धार चेंडूच्या पोटात बसते.

उभं राहताना पाय जवळ घ्या, निम्म्याहून जास्त वजन डाव्या पायावर ठेवा, चेंडू मध्यापासून किंचित उजव्या पायाकडे, हात चेंडूच्या जरा पुढे. मग पटसारखाच फटका. एवढंच. पण इथेच सगळ्यांचं घोडं अडतं.

‘सर, चेंडू वर जातच नाही,’ असं लेकरं म्हणतात. मी बघतो तर प्रत्येक जण चेंडू उचलायला बघत असतो. खालून हात घालून वर काढायचा. हे करताना वजन नकळत उजव्या पायावर जातं, आणि वजन मागे गेलं की क्लबचा सर्वांत खालचा बिंदूही मागे जातो. मग दोनच गोष्टी होतात. क्लब चेंडूच्या आधी मातीत घुसतो आणि चेंडू हातभर पुढे पडतो, किंवा मातीला टाळून वर येताना चेंडूच्या मध्यावर धार बसते आणि तो गोळीसारखा सरपटत जातो. शिकणाऱ्याला या दोन वेगळ्या चुका वाटतात. एका फटक्यात ‘खाली लागलं’, दुसऱ्यात ‘वर लागलं’. मूळ एकच आहे.

चेंडू वर न्यायचं काम क्लबचं आहे. 7-आयर्नचा फेस 30 ते 34 अंश मागे कललेला असतो, पिचिंग वेजचा 44 ते 48. हा कल चेंडूला उचलतो. तुमचं काम क्लब खाली आणत चेंडूवर नेणं, आणि चेंडू गेल्यावर पुढच्या मातीला स्पर्श करणं. आधी चेंडू, मग जमीन. चांगल्या खेळाडूच्या आयर्नने उकरलेला मातीचा टवका, ज्याला डिव्हट म्हणतात, तो चेंडू होता त्या जागेच्या पुढे सुरू होतो. क्रिकेटच्या लॉफ्टेड शॉटमध्ये उसळून आलेल्या चेंडूखाली बॅट घालता येते. इथे चेंडू जमिनीला टेकून बसला आहे, त्याच्या खाली घुसायला जागाच नाही.

हे कळण्यापेक्षा दिसणं महत्त्वाचं. कबड्डीच्या मैदानाला आखतात ती फक्की घ्या आणि जमिनीवर सरळ रेघ ओढा. रेघेच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय येईल असे उभे राहा आणि चेंडू न ठेवता चिपचा फटका मारा. क्लबची खूण रेघेवर किंवा रेघेच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला उमटली पाहिजे. मागे उमटली तर वजन मागे राहिलं. थोडं सरकून पुन्हा. यासाठी सर्वांत चांगली जागा म्हणजे सोयाबीन निघाल्यावर वखर मारलेलं रान, बांधालगतचा पट्टा. माती भुसभुशीत असते, खूण स्वच्छ उमटते आणि मनगटाला हिसका बसत नाही. चैत्र-वैशाखात काळ्या रानाला भेगा पडतात आणि मुरूम दगडासारखा होतो, तेव्हा काथ्याची जाड चटई अंथरून मारा. कडक जमिनीवर ताकदीने मारून मनगट आणि कोपर दुखावून घेणारे पुष्कळ आहेत.

अंगणात चिप मारताना सात-आठ मीटरवर एक गोणपाट टाका आणि चेंडू त्यावर पहिला टप्पा घेईल असं बघा. होलकडे बघायचं नाही, टप्प्याकडे बघायचं. खिडक्या, गाडी, जनावरं, पोरंसोरं समोर नकोत. खरा चेंडू 45 ग्रॅमच्या आसपासचा आणि टणक असतो. शंका असेल तिथे सरावाचे प्लास्टिकचे पोकळ चेंडू वापरा.

एकच क्लब हाताशी असला तरी बिघडत नाही. नियमाने पिशवीत 14 क्लब चालतात, पण स्पेनचे सेव्ह बायेस्टेरोस लहानपणी पेद्रेन्याच्या समुद्रकिनाऱ्यावर एका जुन्या 3-आयर्नने सगळे फटके शिकले आणि पुढे पाच मेजर, म्हणजे सर्वांत मानाच्या, स्पर्धा जिंकले.

पिच : मनगट आणि छाती

चिपमध्ये जे गप्प होते ते दोघं इथे कामाला लागतात. क्लब मागे नेताना डावा हात जमिनीला समांतर आला की मनगट वाकतं आणि क्लबचा दांडा वर उभा राहतो, हात आणि दांड्याचा काटकोन होतो. फटक्यानंतर दुसऱ्या बाजूला तसाच काटकोन. आणि छाती चेंडूवर थांबत नाही, फिरत लक्ष्याकडे येते. छाती थांबली की हात एकटे पुढे धावतात, मनगट उलटतं आणि फेस बंद होतो. पोरांचे पिच डावीकडे जातात त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

मोबाइल इथे खरा उपयोगी पडतो. हातांच्या उंचीवर, मागून, लक्ष्याच्या रेषेत ठेवा आणि स्लो मोशनमध्ये घ्या. क्लब कमरेच्या उंचीवर आला तिथे चित्र थांबवा. फेसची खालची धार साधारण पाठीच्या कण्याइतकीच झुकलेली दिसली पाहिजे. आकाशाकडे बघत असेल तर फेस उघडा, जमिनीकडे बघत असेल तर बंद. सतरंजीवर जो 1 अंश शोधला तोच इथे कॅमेरा दाखवतो.

अंतर कसं बदलायचं? ताकदीने नाही, लांबीने. मांडीपर्यंत मागे, कमरेपर्यंत मागे, छातीपर्यंत मागे, असे तीन फटके एकाच तालात मारा आणि प्रत्येक किती लांब जातो ते पावलांनी मोजून वहीत लिहा. ज्याच्याकडे ही वही आहे त्याला 40 मीटरवरून अंदाज बांधत बसावं लागत नाही.

पूर्ण स्विंग

पिच जमला की पूर्ण स्विंगचं बहुतेक सामान तयार असतं. पकड, फेस, खालचा बिंदू, मनगटाचा काटकोन, छातीचं फिरणं. वाढतं ते फक्त वळण. खांदे साधारण 90 अंशांपर्यंत वळतात, कंबर त्याच्या निम्मी. हात आणखी मागे ओढून लांबी मिळत नाही, उलट कोपर वाकतो आणि खालचा बिंदू पुन्हा भटकायला लागतो. आखूड वाटणारा पाऊण स्विंग नीट लागला तर पूर्ण स्विंगच्या जवळपास अंतर देतो. शिकणाऱ्याने बरेच महिने पाऊण स्विंगवर राहिलं तर मला आनंदच आहे.

मग वेग येतो कुठून? क्रमातून. खाली येताना आधी कंबर वळू लागते, मग छाती, मग हात, आणि शेवटी क्लब. प्रत्येक जण आपला कळस गाठून मंदावतो आणि वेग पुढच्याला देतो. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभं राहून पाखरं हाकणाऱ्याची गोफण आठवा. तो हाताने धोंडा ढकलत नाही. अंग फिरतं, हात फिरतो, ऐन वेळी मनगट थबकतं आणि सगळा वेग दोरीच्या टोकाला जातो. दंडाच्या जोरावर मारणाऱ्याचं उलटं होतं. हात आधी सुटतात, कंबर मागे राहते, आणि क्लब चेंडूपाशी पोचेपर्यंत त्याचा वेग संपत आलेला असतो.

हा क्रम बसवायला ताल लागतो. वर सांगितलेलं पाऊण आणि पाव सेकंद म्हणजे 3 ला 1 हे प्रमाण. मनात ‘एक-दोन-तीन’ म्हणत मागे न्या, ‘चार’ला चेंडू. सुरुवातीला निम्म्या वेगाने. घाई नेहमी वरच्या टोकाला होते, वळण पुरं व्हायच्या आधीच हात खाली यायला निघतात. तिथे क्षणभर धीर धरला तर कंबरेला आधी निघायला वाव मिळतो.

आता उजवीकडे वळणारा तो चेंडू. त्याचं शास्त्र पूर्वी बऱ्याच ठिकाणी उलटं शिकवलं जायचं. क्लब ज्या दिशेने येतो तिकडे चेंडू निघतो, असं लोक धरून चालायचे. रडारने मोजमाप सुरू झालं तसं स्पष्ट झालं की चेंडू निघतो तो मुख्यतः फेस बघतो तिकडे, आणि हवेत वळतो तो फेस आणि क्लबचा मार्ग यांच्यातल्या फरकामुळे. फेस मार्गापेक्षा उजवीकडे बघत असेल तर चेंडू उजवीकडे वळणार. क्रिकेटमधून आलेला खेळाडू खांद्यातून मारायला जातो, क्लब बाहेरून आत, डावीकडे ओढला जातो, आणि फेस मात्र उघडाच राहतो. मग चेंडू उजवीकडे गेला म्हणून तो आणखी डावीकडे रोख धरून उभा राहतो, फरक वाढतो, आणि चेंडू आणखीच वळतो. उपाय उभं राहण्यात नाही. पिचवर परत या, कमरेच्या उंचीवरचा फेस बघा, छाती फिरते का बघा.

क्रिकेटची सवय आड येते असं म्हणताना क्रिकेटवाल्यांनी निराश होऊ नये. कपिल देव क्रिकेट सोडल्यावर गोल्फमध्ये इतके रमले की 2024 मध्ये व्यावसायिक गोल्फपटूंच्या पीजीटीआय या संस्थेचे अध्यक्ष झाले.

ड्रायव्हर शेवटी का, याचंही कारण वळण्यातच आहे. त्याचा फेस फक्त 9 ते 12 अंश कललेला. वेजने मारलेल्या चेंडूला मागे फिरणारी गिरकी भरपूर मिळते, तिच्यापुढे फेसची थोडीशी चूक दबून जाते. ड्रायव्हरच्या चेंडूला ती गिरकी कमी असते, म्हणून तेवढ्याच चुकीने फिरण्याचा आस जास्त कलंडतो आणि चेंडू शेजारच्या रानात जातो. त्यात दांडा लांब, वेग जास्त. व्यावसायिक पुरुष खेळाडूच्या ड्रायव्हरचं डोकं ताशी 180 किलोमीटरच्या आसपास फिरतं.

एक गोष्ट इथे खरंच बदलते. चेंडू टीवर, म्हणजे जमिनीत रोवलेल्या छोट्या खुंटीवर असतो, जमिनीवर नाही, म्हणून आधी चेंडू मग जमीन हा नियम लागू नाही. चेंडू डाव्या टाचेसमोर ठेवा, पाय खांद्यांहून जरा रुंद, उजवा खांदा किंचित खाली. क्लबचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या मागे पडतो आणि क्लब थोडा वर येताना चेंडूला लागतो. यासाठी चेंडू उचलायला जाऊ नका. उभं राहणं बदललं की ते आपोआप होतं.

पहिले काही आठवडे ड्रायव्हरही पिचच्याच लांबीने मारा, कमरेपासून कमरेपर्यंत, टी ठोकून. चेंडू शंभर मीटर जाईल, पण सरळ जाईल. तो सरळ जायला लागला की छातीपर्यंत, मग पाऊण. आणि मैदानात जाल तेव्हा सोबत एक जण उभा ठेवा, पुढच्या वाटेवरून कुणी जात नाही ना हे बघायला. आपल्या मैदानांतून संध्याकाळी गुरं आणि सायकलवरची पोरं दोन्ही जातात.